लघवीतल्या सेंद्रिय आम्लांचा रिपोर्ट कसा तयार होतो आणि कसा वाचायचा

लघवीच्या ऑर्गॅनिक अ‍ॅसिडचा रिपोर्ट हातात पडला की बहुतेकांची नजर आधी वर बाण दाखवलेल्या आकड्यावर जाते. मग ते नाव गुगलवर टाकलं जातं, एखाद्या भयंकर आजाराचं पान उघडतं आणि घरात रात्रभर कुणाला झोप लागत नाही. पण मिथाइलमॅलोनिक, इथाइलमॅलोनिक, ३-हायड्रॉक्सीआयसोव्हॅलेरिक ही आजारांच्या यादीतली आम्लं निरोगी माणसाच्या लघवीतही थोडी थोडी असतातच. त्यामुळे ‘आम्ल सापडलं का’ या प्रश्नाला फारसा अर्थ नाही. किती सापडलं, सोबत आणखी कोण सापडलं आणि नमुना घेतला तेव्हा बाळ कोणत्या अवस्थेत होतं, हे विचारायचं.

हा लेख बालरोग विभागातल्या निवासी डॉक्टरांना आणि लॅबमध्ये नव्याने या टेबलावर बसलेल्यांना समोर ठेवून लिहिला आहे. रिपोर्ट हातात घेऊन बसलेल्या आईवडिलांनाही तो वाचता यावा असा प्रयत्न आहे. त्यांनी मधला लॅबचा भाग सोडून दिला तरी चालेल.

ही आम्लं लघवीत येतात कुठून

आपण खाल्लेल्या प्रथिनांचे अमिनो आम्लांत तुकडे होतात. त्यातला नायट्रोजन काढून टाकला की मागे कार्बनचा सांगाडा उरतो, आणि त्याचं पायरीपायरीने विघटन होतं. चरबीचं आणि साखरेचंही तसंच. या प्रत्येक पायरीवर तयार होणारा मधला पदार्थ बऱ्याचदा आम्ल असतो. पायरी सांभाळणारं एन्झाइम धड असेल तर तो पदार्थ साठत नाही, लगेच पुढे जातो. एन्झाइम जन्मतःच बिघडलेलं असेल तर तो तुंबतो, आडवाटांनी वेगळ्याच पदार्थांत बदलतो, ग्लायसिन (एक अमिनो आम्ल) किंवा कार्निटीनला (स्निग्ध आम्लं वाहून नेणाऱ्या पदार्थाला) चिकटतो आणि मूत्रपिंडं त्याला झपाट्याने बाहेर टाकतात. रक्तात जेमतेम दिसणारं आम्ल लघवीत भरपूर सापडतं ते यामुळेच, आणि म्हणून या तपासणीला लघवी लागते.

खुद्द अमिनो आम्लं या तपासणीत मोजली जात नाहीत, त्यांची तपासणी वेगळी. ‘मेटाबोलिक टेस्ट केली, नॉर्मल आली’ असं कुणी म्हणालं की नेमकी कोणती केली हे विचारून घ्या.

लघवीवरून चयापचयाचे आजार ओळखण्याची कल्पना जुनी आहे. हवेत राहिली की काळी पडणाऱ्या लघवीवर, म्हणजे अल्काप्टोन्युरियावर, आर्चिबाल्ड गॅरड यांनी १९०२ मध्ये लिहिलं. १९३४ मध्ये नॉर्वेत आस्ब्यर्न फॉलिंग यांनी दोन मतिमंद भावंडांच्या लघवीत फेरिक क्लोराइड टाकलं, ती हिरवी झाली, आणि त्यातून फिनाइलपायरुविक आम्ल हाती लागलं. आज आपण करतो ती पद्धत रुळली ती १९६६ नंतर. त्या वर्षी तानाका आणि सहकाऱ्यांनी घामट पायांसारखा वास येणाऱ्या रुग्णांमध्ये गॅस क्रोमॅटोग्राफी आणि मास स्पेक्ट्रोमेट्री वापरून आयसोव्हॅलेरिक आम्ल दाखवून दिलं.

पायरी पहिली: कोणाची तपासणी करायची

सगळ्यात ओळखीचं चित्र नवजात बाळाचं. जन्मतः ठणठणीत असतं, दोन-तीन दिवस नीट दूध पितं, मग पिणं सोडतं, ओकतं, सुस्त पडतं, भराभर श्वास घेऊ लागतं. सगळ्यांना जंतुसंसर्ग वाटतो, अँटिबायोटिक सुरू होतात, कल्चर मात्र निगेटिव्ह येतं. अशा बाळाचं ब्लड गॅस, साखर, अमोनिया, लॅक्टेट आणि लघवीतले कीटोन लगेच बघा. नवजात बाळ सहसा लघवीत फारसे कीटोन टाकत नाही. कीटोनची पट्टी गडद जांभळी झाली तर ती उपासमारीवर ढकलून मोकळं होऊ नका.

अ‍ॅनायन गॅप कागदावर काढायला अर्धा मिनिट लागतो. सोडियममधून क्लोराइड आणि बायकार्बोनेट यांची बेरीज वजा करायची. सोडियम १३८, क्लोराइड १०२, बायकार्बोनेट १० असेल तर गॅप २६. पोटॅशियम न धरता तो साधारण ८ ते १२ असतो, लॅबनुसार थोडा इकडेतिकडे. २६ याचा अर्थ रक्तात कुठलं तरी न मोजलेलं आम्ल आहे. लॅक्टेटने आणि कीटोनने तेवढी तफावत भरून निघत नसेल तर लघवी पाठवलीच पाहिजे.

मोठ्या मुलांत चित्र इतकं उघड नसतं. साध्या तापानंतर अचानक मान-हात वाकडे होऊ लागणं आणि डोकं वयाच्या मानाने मोठं असणं. उपाशी राहिल्यावर साखर घसरणं आणि त्याच वेळी कीटोन नसणं किंवा फारच कमी असणं. दर आजारपणात ग्लानी येणं. कारण न सापडलेला हृदयाच्या स्नायूंचा आजार. आधीचं भावंड तान्हेपणी कारण न कळता गेलेलं असणं. शेवटची गोष्ट कुणी आपणहून सांगत नाही. विचारावी लागते, तीही हळुवारपणे.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: बाळ गंभीर असेल तर रिपोर्टची वाट बघायची नसते. नमुना घ्या, बाहेरून प्रथिनं तात्पुरती थांबवा, शिरेतून पुरेसं ग्लुकोज द्या म्हणजे शरीर स्वतःचं मांस मोडणार नाही, आणि चयापचय तज्ज्ञाला फोन लावा. हायड्रॉक्सोकोबालामिन (बी-१२ चा एक प्रकार), बायोटिन, कार्निटीन कधी आणि किती द्यायचं ते त्यांच्याशी बोलून ठरवा. प्रथिनं साधारण एक ते दोन दिवसांपेक्षा जास्त बंद ठेवली तर शरीर स्वतःची प्रथिनं मोडायला लागतं आणि आम्लं उलट वाढतात, म्हणून ती परत कधी सुरू करायची याचाही बेत त्याच फोनवर ठरवून घ्या.

पायरी दुसरी: नमुना

या तपासणीचा निम्मा निकाल नमुना घेण्याच्या वेळीच लागलेला असतो. बाळ आजारी असताना, उपचारांनी चित्र धुऊन जाण्याआधी मिळालेली पहिली लघवी सोन्यासारखी. आठ दिवसांनी बाळ हसतखेळत असताना घेतलेला नमुना काही आजारांत साफ नॉर्मल येऊ शकतो. म्हणून आपत्कालीन विभागात एक सवय लावून घ्या. कारण न कळलेली आम्लता, कमी साखर किंवा ग्लानी दिसली की पहिली लघवी बाजूला काढून गोठवायची, पाठवायची की नाही ते मागाहून ठरवता येतं.

चोवीस तासांची लघवी लागत नाही. कुठल्याही वेळची ५ ते १० मिलिलिटर पुरते, तान्ह्या बाळाची २ मिलिलिटरही चालते. फार पाणी प्यायल्यानंतरची पातळ लघवी टाळावी. लहान बाळाला लघवीची पिशवी लावण्याआधी तिथली त्वचा पाण्याने स्वच्छ करून कोरडी करा आणि क्रीम, तेल, पावडर काहीही लावू नका. क्रीममधलं ग्लिसरॉल आणि स्निग्ध आम्लं मशीनच्या आलेखावर हजर होतात. जेल भरलेल्या डायपरमधून पिळून काढलेली लघवी शक्यतो नकोच. शौच मिसळलेला नमुना टाकून द्या.

लॅबने मुद्दाम सांगितलं नसेल तर संरक्षक रसायन घालायचं नाही. बेन्झोएट असलेलं काही पडलं तर निकालाचा चेहराच बदलतो. झाकण घट्ट लावून उणे २० अंश सेल्सिअसला गोठवा आणि गोठलेल्या अवस्थेतच पाठवा. खोलीच्या तापमानाला तासन्‌तास राहिलेल्या लघवीत जंतू वाढतात आणि तेच आम्लं खातात, नवी तयारही करतात. अ‍ॅसिटोअ‍ॅसिटिक आम्लाचं तर वाटेतच अ‍ॅसिटोन होऊन उडून जातं. नमुना पुन्हा पुन्हा वितळवून गोठवणंही टाळा. गोठवून पाठवणं शक्यच नसेल तर काही लॅब फिल्टर पेपरवर वाळवलेली लघवी घेतात. तशी सोय आहे का ते आधी विचारा.

बाळ वाचेल असं वाटत नसेल तर लघवी, प्लाझ्मा, फिल्टर पेपरवर रक्ताचे ठिपके आणि डीएनएसाठी रक्त काढून ठेवा. हे सुचवणं अवघड जातं, पण पुढच्या गरोदरपणात या घराला उत्तर देता येईल ते याच चार नमुन्यांतून.

पायरी तिसरी: फॉर्म कोरा पाठवू नका

नमुन्यासोबत आलेला कागद बऱ्याचदा नाव, वय आणि ‘मेटाबोलिक डिसऑर्डर?’ एवढ्यावर संपतो. आलेख वाचणाऱ्याला यातून काहीच कळत नाही. लिहायच्या गोष्टी थोड्याच आहेत: वय दिवसांत, लक्षणं, नमुना घेताना बाळ आजारी होतं की बरं, उपाशी किती वेळ होतं, कोणतं दूध, त्यात एमसीटी (मध्यम साखळीच्या चरबीचं) तेल आहे का, शिरेतून काय चालू आहे, आणि औषधं. औषधांत व्हॅल्प्रोएट, लेव्हेटिरासिटाम, व्हिगाबॅट्रिन, पॅरासिटामॉल आणि अँटिबायोटिक नावानिशी लिहा. याशिवाय पीएच, अमोनिया, लॅक्टेट, साखर. मला विचाराल तर मशीनमधल्या एखाद्या महागड्या कॉलमपेक्षा नीट भरलेला फॉर्म निदानाला जास्त मदत करतो.

पायरी चौथी: लॅबमध्ये काय होतं

आधी क्रिएटिनिन, म्हणजे स्नायूंतून येऊन लघवीत पडणारा पदार्थ, मोजायचं. लघवी पातळ आहे की दाट हे दर वेळी बदलतं, म्हणून प्रत्येक आम्ल क्रिएटिनिनच्या प्रमाणात सांगितलं जातं. एकक बहुधा मिलिमोल प्रति मोल क्रिएटिनिन. क्रिएटिनिन मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये असेल तर ०.०८८४ ने गुणा म्हणजे मिलिमोल प्रति लिटर मिळतं. ४५ म्हणजे जवळपास ४.

इथली खाचखळग्याची जागा आकड्यांतच दाखवतो. लघवीत मिथाइलमॅलोनिक आम्ल १२ मायक्रोमोल प्रति लिटर आहे. क्रिएटिनिन ६ मिलिमोल प्रति लिटर असेल तर उत्तर येतं २, म्हणजे अगदी नॉर्मल. पण बाळाचं वजन कमी, स्नायू नावाला, लघवी पाण्यासारखी, क्रिएटिनिन ०.४, तर तेच १२ मायक्रोमोल ३० होऊन छापले जातात आणि शेजारी बाण येतो. आम्ल तेवढंच आहे, भाजक घटला आहे. क्रिएटिनिन फार कमी असलेल्या नमुन्यात सगळीच आम्लं एकदम वाढलेली दिसतात, आणि ‘सगळंच वाढलंय’ हीच त्याची खूण. अशा वेळी आकडा बाजूला ठेवून नवा, दाट नमुना मागवावा.

पुढे ठरावीक क्रिएटिनिन मावेल एवढी लघवी घ्यायची आणि आपल्याला नेमकं प्रमाण माहीत असलेलं एक अंतर्गत मानक, म्हणजे तुलनेसाठीचं आम्ल, त्यात घालायचं. ट्रोपिक आम्ल किंवा एखादं विषम कार्बनांचं स्निग्ध आम्ल यासाठी वापरतात. मग कीटो आम्लांना हायड्रॉक्सिलअमाइनसारख्या रसायनाने ऑक्झाइममध्ये बांधायचं. ही पायरी गाळली तर मेपल सिरप आजारातली (यात ल्युसिनसारखी अमिनो आम्लं नीट मोडत नाहीत) कीटो आम्लं टिकत नाहीत आणि आलेखावर विस्कटून येतात. त्यानंतर हायड्रोक्लोरिक आम्लाने पीएच १ च्या आसपास आणायचा, मिठाने द्रावण संपृक्त करायचं आणि इथाइल अ‍ॅसिटेटने दोन-तीनदा अर्क काढायचा. थर वेगळे झाले की वरचा थर उचलताना खालच्या पाण्याचा थेंबही येऊ देऊ नका. सोडियम सल्फेटवर तो वाळवा आणि नायट्रोजनच्या झोतात हलकेच आटवा. घाई करून जास्त तापवलं तर लहान साखळीची आम्लं उडून जातात.

उरलेल्या कोरड्या थरावर बीएसटीएफए आणि १ टक्का टीएमसीएस ही सिलिल गट जोडणारी रसायनं घालून साधारण ६० ते ८० अंशांवर अर्धा तास ठेवतात. आम्लांवर ट्रायमिथाइलसिलिल गट बसतात आणि ती वाफ होण्याजोगी होतात. हे अभिकर्मक ओलाव्याचे वैरी. कुपीत पाण्याचा अंश राहिला तर आलेख बुटका आणि केसाळ येतो, आणि दोष मशीनवर जातो. पुढचं काम जीसी-एमएसचं, म्हणजे गॅस क्रोमॅटोग्राफी आणि मास स्पेक्ट्रोमेट्रीच्या जोडमशीनचं. ३० मीटरच्या केशिका कॉलममधून आम्लं एकामागून एक बाहेर पडतात, ७० इलेक्ट्रॉन व्होल्टच्या माऱ्याखाली त्यांचे तुकडे होतात आणि प्रत्येकाचा सुळका व तुकड्यांचा ठसा नोंदला जातो.

संगणकाची लायब्ररी नाव सुचवते, पण सुचवलेलं नाव तसंच स्वीकारू नका. मिथाइलमॅलोनिक आणि सक्सिनिक ही समान सूत्राची आम्लं आहेत. सिलिल गट लागल्यावर दोघांचंही वस्तुमान २६२, दोघंही २४७ चा तुकडा देतात, आणि ७३ व १४७ हे तर जवळपास सगळ्यांकडेच. सक्सिनिक हे सगळ्या निरोगी लघवीत ठळक असतं, मिथाइलमॅलोनिक मात्र ठळक दिसलं तर आजाराचं. फरक कुठे? मिथाइलमॅलोनिक कॉलममधून आधी बाहेर पडतं, सक्सिनिक मागून. म्हणून दोन्ही शुद्ध आम्लं आपल्या मशीनवर स्वतः चालवून त्यांच्या वेळा हाताशी ठेवायच्या. ग्लुटारिक आणि इथाइलमॅलोनिक यांच्यातही असाच घोळ होतो, दोघंही २६१ चा तुकडा देतात.

पायरी पाचवी: निरोगी लघवी तोंडपाठ हवी

नव्याने शिकणाऱ्याने आधी आजारांचे आलेख पाहू नयेत. वेगवेगळ्या वयांच्या निरोगी माणसांचे आलेख इतके बघावेत की अनोळखी सुळका आपोआप खटकला पाहिजे.

मोठ्या निरोगी माणसाच्या लघवीत सहसा दोन सुळके आभाळाला भिडलेले असतात, सायट्रिक आणि हिप्युरिक. सायट्रिक आम्ल मूत्रपिंडाच्या नलिका बरंचसं परत शोषून घेतात, आणि रक्तात आम्लता वाढली की जास्तच शोषतात. म्हणून गंभीर आम्लतेत सायट्रिकचा सुळका खुजा होतो. तो एन्झाइमचा दोष नव्हे. हिप्युरिक आम्ल बनतं बेन्झोइक आम्ल आणि ग्लायसिन मिळून, आणि ते बेन्झोइक येतं वनस्पतिजन्य अन्नातून, आतड्यातल्या जंतूंच्या हातून. नवजात बाळाच्या आतड्यात ते जंतू अजून रुजलेले नसतात, त्यामुळे त्याच्या आलेखात हिप्युरिक नगण्य असणं हेच स्वाभाविक. मोठ्या माणसाचा आलेख मनात धरून बाळाचा वाचला की पहिली चूक इथेच होते.

बाळाच्या लघवीत उलट सक्सिनिक, २-ऑक्सोग्लुटारिक, फ्युमारिक अशी क्रेब्ज चक्रातली (पेशीत ऊर्जा बनवणाऱ्या साखळीतली) आम्लं मोठ्यांपेक्षा खूप जास्त असतात. लॅक्टिकही जास्त. अपुऱ्या दिवसांच्या बाळात ४-हायड्रॉक्सीफिनाइललॅक्टिक उंच दिसतं, कारण टायरोसिन मोडणारं यकृताचं एन्झाइम अजून पक्व झालेलं नसतं. काही आठवड्यांत ते खाली येतं. या सगळ्यामुळे प्रत्येक लॅबला वयोगटानुसार वेगळ्या मर्यादा ठेवाव्या लागतात. रिपोर्टवर वयाचा उल्लेख न करता एकच ‘नॉर्मल रेंज’ छापलेली दिसली तर लॅबला फोन करा.

बाकीची नेहमीची मंडळी: अ‍ॅकोनिटिक, ग्लायकोलिक, ऑक्झॅलिक, ३-हायड्रॉक्सीआयसोब्युटिरिक, ४-हायड्रॉक्सीफिनाइलअ‍ॅसिटिक, थोडंसं अ‍ॅडिपिक, आणि थोडंसं ३-मिथाइलग्लुटाकोनिक. यांपैकी ४-हायड्रॉक्सीफिनाइलअ‍ॅसिटिक बरंचसं आतड्यातल्या जंतूंचं. फॉस्फेट आणि युरिया ही आम्लांच्या यादीत नसूनही आलेखात घुसतात, आणि युरियाचा सुळका माजला की शेजारची लहान आम्लं झाकली जातात. मिथाइलमॅलोनिक मोठ्यांत बहुतेक लॅबमध्ये ५ मिलिमोल प्रति मोल क्रिएटिनिनच्या आत असतं. तीव्र जन्मजात प्रकारात हाच आकडा हजारांत जातो. या दोन टोकांच्या मधला, वीस-पन्नास-शंभरचा आकडाच खरी परीक्षा घेतो.

पायरी सहावी: फसवे आलेख आधी बाजूला काढा

उपाशीपोटीच्या लघवीत ३-हायड्रॉक्सीब्युटिरिक आणि अ‍ॅसिटोअ‍ॅसिटिक डोंगराएवढी होतात, आणि त्यांच्या मागोमाग अ‍ॅडिपिक, सुबेरिक, ३-हायड्रॉक्सीआयसोव्हॅलेरिक वाढतात. हे भुकेचं चित्र.

एमसीटी तेल असलेलं दूध चालू असेल तर अ‍ॅडिपिक, सुबेरिक, सेबॅसिक ही डायकार्बॉक्सिलिक आम्लं वाढतात आणि त्यांत सेबॅसिकचा वाटा भुकेच्या चित्रापेक्षा जास्त असतो. चरबी मोडण्याच्या आजाराशी याची गल्लत सर्रास होते. तोडगा साधा आहे. हेक्झानोइलग्लायसिन आणि सुबेरिलग्लायसिन शोधा. एमसीटीमध्ये ती नसतात, एमसीएडी या मध्यम साखळीची चरबी मोडणाऱ्या एन्झाइमच्या कमतरतेत असतात. शिवाय एमसीएडीमध्ये बाळ उपाशी, साखर खाली, डायकार्बॉक्सिलिक आम्लं वर, पण कीटोन त्या मानाने थिटे. ते अगदी शून्यच असतील असं नाही. प्रमाण बघायचं.

लॅक्टिक आम्ल लघवीत उंच आणि रक्तातलं लॅक्टेट नॉर्मल, असं आलं की गोंधळ उडतो. रक्ताची नेहमीची चाचणी एन्झाइमवर चालते आणि फक्त एल-लॅक्टेट मोजते. एल आणि डी ही एकाच रेणूची आरशातल्या प्रतिमांसारखी दोन रूपं. साधा जीसी कॉलम एल आणि डी वेगळे करत नाही. मग हे बहुधा जंतूंनी बनवलेलं डी-लॅक्टेट: आतडं आखूड असलेल्या मुलात, किंवा नमुना उघडा पडून जंतू वाढले असतील तर. सोबत फिनाइललॅक्टिक दिसलं तर आतड्याचा संशय पक्का होतो. शिरेतल्या काही औषधांतलं प्रोपिलीन ग्लायकॉलही लॅक्टेटमध्येच बदलतं.

व्हॅल्प्रोएट स्वतःच्या चयापचयांचे अनेक सुळके उमटवतं आणि डायकार्बॉक्सिलिक आम्लंही वाढवतं. पायरोग्लुटामिक म्हणजे ५-ऑक्सोप्रोलिन खूप वाढलं तर ग्लुटाथायोनच्या जन्मजात विकाराआधी पॅरासिटामॉल आणि कुपोषण आठवा.

पायरी सातवी: टोळी ओळखा

मुख्य आरोपी बऱ्याचदा आलेखात दिसतच नाही, दिसते त्याची टोळी. आयसोव्हॅलेरिक आणि प्रोपिऑनिक ही आम्लं इतकी उडून जाणारी की अर्क आटवतानाच निसटतात. म्हणून आयसोव्हॅलेरिक अ‍ॅसिडेमियात आपण आयसोव्हॅलेरिलग्लायसिनचा उंच सुळका आणि जोडीला ३-हायड्रॉक्सीआयसोव्हॅलेरिक शोधतो.

प्रोपिऑनिक मार्गावर थोडं थांबू, कारण सगळ्यात जास्त चुकीचं वाचन इथे होतं. ३-हायड्रॉक्सीप्रोपिऑनिक आणि मिथाइलसायट्रिक वाढलेली, सोबत प्रोपिऑनिलग्लायसिन आणि टिग्लिलग्लायसिन, आणि मिथाइलमॅलोनिक नॉर्मल: प्रोपिऑनिक अ‍ॅसिडेमिया. हेच सगळं आणि मिथाइलमॅलोनिक प्रचंड: मिथाइलमॅलोनिक अ‍ॅसिडेमिया. हेच, आणि शिवाय ३-हायड्रॉक्सीआयसोव्हॅलेरिक, ३-मिथाइलक्रोटोनिलग्लायसिन आणि लॅक्टिक: बायोटिनवर चालणारी अनेक कार्बॉक्सिलेझ एकदम थंडावली आहेत. बायोटिनिडेझ किंवा होलोकार्बॉक्सिलेझ सिंथेटेझ यांच्याकडे बोट दाखवणारं हे चित्र चुकवू नका, कारण बायोटिनिडेझच्या कमतरतेत साध्या बायोटिनच्या गोळीने मूल सावरतं.

आता मिथाइलमॅलोनिकचा तो मधला आकडा. आधी बी-१२ बघा, बाळाचंही आणि अंगावर पाजणाऱ्या आईचंही. आईत कमतरता असली की फक्त अंगावर पिणारं बाळ सहा-आठ महिन्यांचं होता होता मंदावतं, हसणं-बसणं विसरतं, रक्त कमी होतं. हा जन्मजात एन्झाइमदोष नव्हे, इंजेक्शनने बरा होणारा आजार आहे. सोबत होमोसिस्टीन मोजा. मिथाइलमॅलोनिक आणि होमोसिस्टीन दोन्ही वाढलेली असतील तर बी-१२ ची कमतरता किंवा शरीरात बी-१२ वापरण्याचा जन्मजात दोष. होमोसिस्टीन नॉर्मल आणि मिथाइलमॅलोनिक हजारांत असेल तर बहुधा मिथाइलमॅलोनिक मार्गातल्या म्यूटेज एन्झाइमचा दोष.

ग्लुटारिक अ‍ॅसिड्युरिया प्रकार १ मध्ये ग्लुटारिक आणि ३-हायड्रॉक्सीग्लुटारिक वाढतात. पण काही रुग्णांत ग्लुटारिक जवळपास नॉर्मल असतं, म्हणून ३-हायड्रॉक्सीग्लुटारिक काळजीने शोधावं, आणि डोकं मोठं व एमआरआय बोलका असेल तर लघवी नॉर्मल आल्याने समाधान मानू नये. आजार लक्षणांआधी हाती लागला तर मेंदूची हानी बरीच टाळता येते. म्हणून इथली चूक महागात पडते.

बाकीचे भराभर. सक्सिनिलअ‍ॅसिटोन: टायरोसिनेमिया प्रकार १. ओरोटिक आम्ल आणि उंच अमोनिया: युरिया चक्रातल्या ऑर्निथिन ट्रान्सकार्बामायलेझ (ओटीसी) एन्झाइमचा दोष. एन-अ‍ॅसिटाइलअ‍ॅस्पार्टिक: कॅनाव्हन हा मेंदूचा आजार. ३-हायड्रॉक्सी-३-मिथाइलग्लुटारिक आणि कीटोन नसलेली कमी साखर: एचएमजी-कोए लायेझ या एन्झाइमची कमतरता. होमोजेंटिसिक: अल्काप्टोन्युरिया. २-हायड्रॉक्सीग्लुटारिक वाढलं तर डी की एल हे वेगळ्या कायरल (आरशातली रूपं वेगळी करणाऱ्या) पद्धतीने ठरवावं लागतं, आजार दोन निराळे आहेत.

पायरी आठवी: रिपोर्ट लिहिणं आणि पुढची तपासणी

रिपोर्टमध्ये आकड्यांच्या यादीखाली चार ओळी मराठीत म्हणा वा इंग्रजीत, पण अर्थासकट लिहा: काय वाढलं, कशाशी जुळतं, कशाने फसवलं असू शकतं, पुढे काय करावं. ‘क्लिनिकली कोरिलेट’ एवढंच लिहून सही करणं म्हणजे जबाबदारी झटकणं.

लघवीवरून निदान पक्कं होतंच असं नाही. जोडीला रक्तातली अ‍ॅसिलकार्निटीन लागतात: (‘सी’ पुढचा आकडा म्हणजे कार्बनांची संख्या) एमसीएडीत सी८, प्रोपिऑनिक गटात सी३, ग्लुटारिक १ मध्ये सी५-डीसी. प्लाझ्मा अमिनो आम्लं लागतात. मग एन्झाइम किंवा जनुक चाचणी. बाळ बरं असताना घेतलेली लघवी नॉर्मल आली आणि संशय कायम असेल तर पुढच्या आजारपणात पुन्हा नमुना घ्या. निदानासाठी मुलाला मुद्दाम उपाशी ठेवणं किंवा प्रथिनांचा मारा करणं धोक्याचं आहे, ते घरी तर मुळीच नाही.

निरोगी किंवा विकासात मागे राहिलेल्या मुलांसाठी थेट विकली जाणारी ‘आतड्यातल्या बुरशीची’ ऑर्गॅनिक अ‍ॅसिड पॅकेजं हा वेगळाच प्रकार आहे. मशीन तेच असतं, पण जंतूंच्या दोन-चार आम्लांवरून आहार आणि औषधं ठरवण्याला भक्कम आधार नाही. असा रिपोर्ट घेऊन आलेल्या पालकांना मी आधी मूळ आलेख आणि क्रिएटिनिन मागतो. बऱ्याचदा क्रिएटिनिनच इतकं कमी असतं की पुढचं काही वाचायची गरज पडत नाही.

निदान जनुकाने पक्कं झालं की भावंडांची तपासणी लगेच करा, ती ठणठणीत दिसत असली तरी. यांतले बहुतेक आजार अप्रभावी वारशाने येतात, म्हणजे दोन्ही पालक वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात २५ टक्के शक्यता. ओटीसी मात्र एक्स गुणसूत्रावरचा, तिथे हिशोब वेगळा आणि आईची वाहक-तपासणी आधी. पुढच्या गरोदरपणाचा विचार असेल तर जनुकातला नेमका बदल आधीच शोधून ठेवावा लागतो, त्यामुळे समुपदेशकाची भेट गर्भ राहण्याआधी ठरवा.